भागरतेचं सूप

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षं झाली ते मला विचारू नका. मी माझ्या आज्याला विचारलं होतं, तर तो म्हणाला, "मी माझ्या आज्याला विचारलं, तर त्यानं मला चिंचेच्या फोकानं हाणलं." तेव्हा गुमान ऐका.

आपल्या पळसबोडीचं तळं तेव्हाही एवढंच मोठं होतं. तळ्याच्या अल्याड गाव, गावाच्या अल्याड धानाची शेतं, आणि तळं नि गाव यांच्या मध्ये ही मातीची पाळ. पाळ उभी तर गाव उभं. तेवढं कळलं की पुढची सगळी गोष्ट कळली.

त्या काळी तीन वर्षं लागोपाठ पाळ फुटली. उन्हाळाभर अख्खं गाव टोपल्या वाहून ती बांधायचं आणि झडीचा पाऊस लागला की ती पुन्हा फुटायची. तीही एकाच जागी, गावदेवाच्या दगडासमोर. रोवणी झालेलं धान वाहून जायचं. पहिल्यांदा पाळीला तिथं नुसती ओल दिसली, तेव्हाच लोक म्हणायला लागले, तळं भोग मागतंय. आता या आपल्या माणसांची अक्कल पाहा. पहिल्या वर्षी त्यांनी वर्गणी काढली, पाळीवर त्या जागी खड्डा खणला आणि कोंबडं पुरलं. पाळ फुटली. दुसऱ्या वर्षी जास्त वर्गणी, कंबरभर खड्डा आणि बकरा. पाळ फुटली. तिसऱ्या वर्षी पुरुषभर खड्डा खणून हल्या, अख्खा रेडा, पुरला! आणि पाळ फुटल्यावर म्हणतात कसे, "भोग कमी पडला."

हसू नका रे. भ्यालेला माणूस असाच वागतो. तुम्ही-आम्ही काही वेगळे नाही.

चौथ्या वर्षी गाव टेकीला आलं. यंदा पाळ फुटली तर गाव उठवायचं, असं ठरलं. लोकांनी बंड्यांची चाकं दुरुस्त करून घेतली. बाया जात्याला हात लावून रडायच्या, कारण जातं काही बंडीवर नेता येत नाही.

आणि अशात आडकू पाटलानं पुन्हा वर्गणीची बैठक बोलावली. दोन हल्ये आणायचे, तेवढाच मोठा खड्डा खणायचा.

तेव्हा मागून एक बाई उठली. ती भागरता, ढिवराची. नवरा वारलेला, लेकरू नाही. दिवसभर डोंग्यातून जाळं टाकायची. तळ्यावर तिचे केस पांढरे झाले होते. असं म्हणतात की पाळीला कान लावला की आत खेकडा कुठं पोखरतोय ते तिला ऐकू यायचं. मी म्हणतो, येतही असेल. चाळीस वर्षं एका जागेकडं लक्ष दिलं तर माणसाला काय ऐकू येत नाही?

ती म्हणाली, "पाटील, तुमी दरसाली पाळीचं पोट फाडता आणि मग म्हणता, पाळ काहून मेली?"

पाटील तापला. "तू मासोळ्या धर भागरते. देवाच्या कामात तोंड घालू नको."

"देव दगडात आहे ना बाप्पा, खड्ड्यात नाही. दगडाले नारळ फोडा, मीबी हात जोडते. पण खणलेली माती दोन महिन्यांत बसत नाही. पाणी तिथंच घुसतं. यंदा कुदळ लावू नका. हल्यांच्या वर्गणीचं धान मले द्या. घरटी एक सूप."

"तू काय करशील त्याचं?"

"पोरांले जेवू घालीन."

लोक पोट धरून हसले. गाव बुडायला निघालं आणि हिला पंगत सुचते! पण भागरता हलली नाही. म्हणाली, "तुमाले शेत सोडून पाळीकडं पाहाले सवड नाही. मी एकटी पुरत नाही, आणि मी मेल्यावर कोण पाहील? पोरांले सवड आहे, पोरांले डोळे आहेत. मी त्यांले पाळ शिकवीन. पण उपाशी पोर शिकत नाही."

"आणि पाळ फुटली तर?"

"तर पाप माझ्या माथ्यावर. डोंगा, जाळं, घर इथंच टाकून तुमच्या आधी मी शिवाराबाहेर होते."

पाटलालाही हल्ये परवडत नव्हतेच. त्यानं नाक मुरडून हो म्हटलं. सुपानं धान आलं, भागरतेच्या ढोलीत, त्या बांबूच्या कणगीत, पडलं.

मग दर बाजारच्या दिवशी, मायबाप बाजाराला गेले की, गावची पोरं पाळीवर. ढिवराची, कोहळ्याची, महाराची, गोंडाची, सगळी. अनवाणी चालायचं, टाचेला माती थंड लागली तर थांबायचं. खेकड्याचं बीळ कोणतं, उंदराचं कोणतं. पाळीवरचा वाळा उपटायचा नाही, त्याची मुळं माती धरतात. काठाला आपसूक उगवणारं देवधान कापायचं नाही, ते लाटेला थोपवतं. बगळे पाळीच्या कोरड्या अंगाला उतरून चोच मारायला लागले तर पळत सांगायला यायचं, कारण तिथं पाणी पाझरतंय. आणि मग भात आणि मासोळीचा रस्सा, पोट टम्म होईस्तोवर. पाटलाची नात जनी सगळ्यांत पुढं. आज्याला पत्ता नाही!

श्रावणात झड लागली. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. तळं काठोकाठ भरलं, सांडवा गर्जायला लागला. लोकांनी बंड्या जुंपल्या. सहाव्या दिवशी आडकू पाटलाचा धीर सुटला. तो कुदळ घेऊन पाळीवर चढला, देवाच्या दगडासमोर आला आणि त्यानं कुदळ उचलली.

तर पुढ्यात जनी आडवी निजलेली. चिखलात, हातपाय पसरून.

"ऊठ जने!"

"नाही उठत. आबा, इथली माती घट्ट आहे. मी रोज पाहते. ओल तिकडं आहे, मोहाच्या झाडाखाली. बगळे सकाळपासून तिथंच आहेत."

पाटलाचा हात वरच्या वर राहिला. त्यानं मोहाकडं पाहिलं. खरंच, मनगटाएवढी धार पाळीतून फुटली होती, आणि भागरता आधीच पलीकडून पाण्यात उतरून बिळाच्या तोंडाशी पाठ लावून उभी होती. एका बाईनं किती वेळ तळं अडवायचं? पाटलानं कुदळ फेकली, डोक्याचं पागोटं सोडलं आणि त्या बिळात कोंबलं. पाटलाचं पागोटं! मग कोण मागं राहतं? बंड्यांतली बिऱ्हाडं खाली पडली आणि त्याच बंड्यांतून माती आली. पोरं सांगत होती, इथं टाका, तिथं नको, पाय देऊन दाबा. आणि म्हातारेकोतारे ऐकत होते.

असं म्हणतात की भागरता दोन दिवस पाण्यातून निघाली नाही. असंही म्हणतात की तळ्यातले वाघूर मासे तिच्या पायाशी गोळा झाले आणि तोंडानं चिखल लोटू लागले. जिचं पोट ते चाळीस वर्षं भरत आले, तिला त्या दिवशी खांदा दिला म्हणतात. आठव्या दिवशी ऊन पडलं. पाळ जागच्या जागी होती. आडकू पाटील भर गावासमोर भागरतेच्या पाया पडला. ती म्हणाली, "माझ्या काय पडता? भात चढवा. पोरं सकाळची उपाशी आहेत."

भागरता म्हातारी होऊन गेली. गावाला वाटलं, पाळीवर तिची समाधी बांधावी. ती आधीच बजावून गेली होती, "माझ्यासाठी पाळीत खड्डा खणाल तर भूत होऊन मानगुटीवर बसेन." म्हणून तिची समाधी नाही. शोधू नका.

आहे ती ढोली. आजही पळसबोडीत धानाची मळणी झाली की पहिलं सूप घरात जात नाही, ते भागरतेचं. त्याच्यावर पोरं जेवतात, पाळ शिकतात, वाळा लावतात. बैल जुंपायच्या आधी पोरं पाळ चालून येतात, आणि त्यांनी बोट दाखवलं की थोरांनी टोपली उचलायची, वाद घालायचा नाही. मागं एक मोठे साहेब आले होते. विचारलं, "या तळ्याची समिती कुठं आहे?" आम्ही पाळीकडं बोट केलं. ती तिकडं खेकडे मोजत होती! साहेब हसले, मग जोडे काढून पोरांच्या मागं चालायला लागले.

आणि एक सांगतो. परवाच्या वर्षी तुडतुड्यानं सगळं धान खाल्लं. धानाच्या पुंजण्यांत दाणा नाही, तणसच तणस. बैठकीत कोणीतरी हळूच म्हणालं, यंदा सूप राहू द्यावं. तेवढ्यात पारबता उठली. तिचा दोन बांद्यांचा शेताचा तुकडा, त्यात पिकलं ते जेमतेम सूपभर. ती घरी गेली, तेच सूप डोक्यावर घेऊन आली आणि ढोलीत ओतून म्हणाली, "माझी पोरगी पाळीवर जाते. तिच्या भरवशावर मी झोपते."

सांज व्हायच्या आत ढोली भरली होती, बाप्पा. काठोकाठ.