मुठीचा धोंडा

शके सतराशे एकोणतीस, ज्येष्ठातली अमावास्या. गोष्ट त्या दिवशीची आहे. त्यात आम्ही फेरफार करू देत नाही.

तिवरबंदरच्या पुळणीवर एक काळा धोंडा आहे. त्याला मधोमध उभी खाच आहे, हाताचा पंजा जेमतेम शिरेल एवढी. गाव त्याला मुठीचा धोंडा म्हणतो. पाहुणे खाचेत डोकावून विचारतात, तलवार कुठे? तलवार नाही. ती नाही, म्हणूनच धोंड्याला मान आहे.

त्या काळी गावात सोमा तांडेल म्हणून एक गाबीत मच्छीमार होता. त्याची एकच होडी होती आणि तीही नवी. पावसाच्या तोंडावर त्याने ती वर ओढून झावळ्यांनी शाकारली होती. एकदा शाकारलेली होडी नारळी पौर्णिमेचा नारळ पडेपर्यंत उघडायची नाही, ही गावची रीत. मोडली तर दर्या होडी मागून घेतो.

अमावास्येच्या सकाळी बाहेरच्या कासवखडकावर एक गलबत फुटले. त्यावरचा साहेब, आरमारातला अंमलदार, पोहत कसाबसा पुळणीला लागला. अंगात फाटका डगला, कमरेला तलवार. भाषा कोणालाच कळेना. तो नुसता खडकाकडे हात करी. खडकावर त्याची माणसे उभी होती. दुपारच्या उधाणात कासवखडक पाण्याखाली जातो, हे पोरालाही ठाऊक होते.

बाकी होड्या खाडीत आत, दूर. जवळ होती ती सोमाचीच. गावचा प्रमुख, गावकर, म्हणाला, "सोम्या, शाकारलेल्या होडीक हात लावू नको."

सोमाचा पाय अडला. होडी गेली तर तांडेलकी गेली, मग दुसऱ्याच्या होडीवर वल्हे मारणे. तेवढ्यात त्याची आई धोंडाई पुढे आली.

"पाप माझ्या माथ्यार. तू होडी लोट. ती माणसां बुडतत."

झावळ्या काथ्याच्या दोराने आवळल्या होत्या. पावसात भिजून गाठी फुगल्या होत्या, सुटेनात. तेव्हा साहेबाने तलवार उपसली आणि दोर कापले. मग दोघे दोन वल्ह्यांना बसले.

माणसे सगळी आली, असे सांगतात. पण किनाऱ्याला लागताना शेवटच्या लाटेने होडी उचलून खडकावर घातली. माणसे वाचली, होडीच्या फळ्या झाल्या. गावकर म्हणाला, "दर्यान आपला घेतल्यान." सोमा फळ्या गोळा करू लागला.

चार दिवसांनी साहेबाला न्यायला माणसे आली. निघताना त्याने फळ्यांकडे बोट केले, मग समुद्राकडे. तलवार काढून सोमाच्या हातात दिली, मूठ सोमाकडे करून. म्यान मात्र आपल्या कमरेला ठेवले. होडी घेऊन येईन, तोवर ही तारण, हे सगळ्यांना समजले.

पुढे किती पावसाळे गेले यावर एकमत नाही. कोणी सात म्हणतात, कोणी अकरा. सोमा तांडेल दुसऱ्यांच्या होडीवर वल्हे मारू लागला. लोक टोचत.

"सोमा, सायबाची होडी इली काय?"

"येतली."

"तू म्हातारो झाल्यार!"

खोत तर होडी द्यायला तयार होता. "तलवार दी, होडी घे," म्हणाला. सोमा म्हणाला, "सायबाची आसा ती. माझी न्हय." धोंडाई गेली, तेव्हाही त्याच्या दारात होडी नव्हती. दर नारळी पौर्णिमेला तो तलवारीला उंडिणीचे तेल लावी आणि सकाळपासून सूर्य मावळेपर्यंत या धोंड्याच्या खाचेत उभी करी. पाते खाली, मूठ वर. समुद्रावरून दिसावी म्हणून.

अशाच एका पौर्णिमेला बाहेर गलबत नांगरले. त्याच्यामागून ओढून आणलेली एक होडी सुटली आणि किनाऱ्याकडे आली. साहेबी नव्हे, गाबितांच्याच सुतारांनी बांधलेली, सोमाच्या होडीसारखी. वल्ह्यावर साहेब. केस पिकलेले. कमरेला रिकामे म्यान. परक्या मुलखातल्या लढायांत अडकला होता म्हणे, आणि तेवढी वर्षे त्याने म्यानात दुसरी तलवार घातली नव्हती.

सगळा गाव पुळणीवर होता. सोमा होडीभोवती एकदा फिरला. फळ्यांवर बोटांच्या पेरांनी ठोकून पाहिले. सांध्यांवरून हात फिरवला. मग तो धोंड्याकडे गेला, तलवार काढली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि साहेबापुढे धरली. मूठ साहेबाकडे.

साहेबाने डोके हलवले. ती त्याने सोमाकडेच सारली. सोमाचा हात मागे गेला नाही. तो तसाच उभा राहिला.

शेवटी साहेबाने मूठ धरली. तलवार म्यानात गेली.

आजही तिवरबंदरात उसने घेतलेले वल्हे असो, जाळे असो, पायलीभर भात असो, नारळी पौर्णिमेच्या आत मुठीच्या धोंड्यापाशी आणून ठेवतात. ज्याचे असेल तो उचलतो.