हौसा कासारणीनं वाटलेली दारं

नदीवर अजून पूल नव्हता, पैलतीरी जायचं तर नावाड्याला हाळी द्यावी लागायची, तेव्हाची ही गोष्ट. आपल्या या पाणंदवाडीत हौसा नावाची एक कासारीण राहायची. डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन ती दारोदार फिरायची. गावातल्या एकूण एक बाईचा हात तिच्या हातातून गेलेला. नुसतं मनगट धरून ती सांगायची, कोण दुखण्यातून उठलंय आणि कोण माहेरच्या आठवणीनं झुरतंय, असं म्हणतात.

एका आषाढात नदी गावात शिरली. जो तो आपापली माणसं घेऊन म्हसोबाच्या माळावर पळाला. पाणी ओसरलं, लोक खाली उतरले, तेव्हा वेशीजवळच्या घरात जनाकाकू मरून पडलेली सापडली. म्हातारी एकटी राहायची, कानानं ठार बहिरी. गावाची आरडाओरड तिला ऐकूच गेली नव्हती. शेजारीण म्हणाली, "मला वाटलं, तू आणली आसशील." दुसरी म्हणाली, "आन् मला वाटलं, तू." वाईट कुणीच नव्हतं. सगळ्यांना नुसतं वाटलं होतं.

हौसा त्या दिवशी जेवली नाही. गाव देवळात जमलं तेव्हा ती उभी राहिली. "हितनं म्होरं परत्येक घरानं दुसऱ्याचं एक दार घ्यायचं," ती म्हणाली. "हलगी वाजली की आदी त्या दारात जायाचं. तिथली मानसं काढायची, आन् मगच माळ." लोक हसले. बांगड्या भरणाऱ्या बाईनं गावाला शहाणपण शिकवावं, हे काहींना झोंबलंही.

हौसा भांडली नाही. तिनं फक्त बांगड्या भरणं बंद केलं. जे घर दार घेईल, त्याच घरातल्या हातात काकण चढेल. पुरुष हसत राहिले, पण बायकांचे हात मोकळे राहिले आणि घरोघरी भाकऱ्या करपायला लागल्या. थोड्याच दिवसांत हसणाऱ्यांनीही मुकाट दारं घेतली.

राहिले एकटे रंगराव पाटील. माझं घर मी बघतो, गावाचं गाव बघेल, असं त्यांचं म्हणणं. पण त्यांच्या लेकीचं लग्न ठरलेलं. त्यांनी दुसऱ्या गावच्या कासारांना निरोप धाडले, तर ते सगळे हौसाचेच सोयरे निघाले. हिरव्या चुड्याशिवाय नवरी बोहल्यावर कशी उभी राहणार? शेवटी पाटलांच्या आईनं लेकाला कासारणीकडे पिटाळलं. हौसा म्हणाली, "तुमी माझंच दार घ्या." आत खाटेवर तिचा नवरा तातोबा होता. अंगावरून वारं गेल्यापासून त्याचे पाय लुळे पडले होते. पाटील हो म्हणाले, आणि लेकीचा चुडा भरला गेला.

मग दरवर्षी वैशाखात, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, हलगी वाजायची. सगळं गाव एकमेकांना उठवून माळावर न्यायचं. माळावर हौसानं धान्याची कणगी, कोरडी लाकडं आणि दोरखंड ठेवायला लावले होते. पाटील मात्र सोप्यात पान लावत बसायचे.

"तो काय यीत न्हाई गं," तातोबा म्हणायचा.

"आज न्हाई आलं. येतील," हौसा म्हणायची. तिला भीती वाटत नव्हती असं नाही, खूप वाटायची. पण आपल्या घरासाठी नेम मोडला, तर गावाचा नेम टिकणार नाही, हे ती जाणून होती.

आणि एका श्रावणात, भर दुपारी, वर डोंगरात ढग फुटला. हलगी कडाडली. हौसाच्या वाट्याला कुंभाराचं घर होतं, नदीच्या अगदी काठाला. वाटेत तिचं स्वतःचं दार लागलं. पाय घुटमळले, पण ती तशीच पुढं गेली. कुंभाराची पोरंबाळं आणि म्हातारी घेऊन ती माळावर पोचली. एकेक घर वर येत होतं. पाटलांचं दार घेतलेला बिरू धनगर त्यांच्या आईला पाठीवर घेऊन आला. तातोबा मात्र नव्हता. पाटीलही नव्हते. खाली उतरायची वाट तोवर पाण्यानं तोडली होती. हौसा दगडावर बसली आणि सगळ्यांदेखत रडली.

पाटील शेतातून धावत घरी गेले होते, आईला न्यायला. घर रिकामं होतं. ज्या बिरूला त्यांनी कधी सोप्यात बसू दिलं नव्हतं, तोच आईला घेऊन गेला होता. उंबऱ्यातच पाटलांना शरम वाटली. मागच्या वाटेनं अजून माळावर जाता येत होतं. ते कासाराच्या गल्लीकडे वळले.

तातोबाला खांद्यावर घेऊन ते निघाले तेव्हा दोन्ही बाजूची छपरं बुडाली होती. पाटील तसे बुटकेच. पण ते चालत होते तिथं पाणी त्यांच्या छातीच्या वर चढलं नाही, नदीनं त्यांना वाट दिली, असं म्हणतात. आताचे हुशार म्हणतात, तिथं जमीन उंच असेल. असेल बापडी. ती गल्ली मात्र गावात सगळ्यांत सखल आहे.

ते माळावर चढून आले तेव्हा हौसानं डोळे पुसले. "लई उशीर केलासा, पाटील," ती म्हणाली.

"व्हय," पाटील म्हणाले, आणि त्यांनी तातोबाला अलगद खाली ठेवलं. त्या पुरात गावातलं एकही माणूस गेलं नाही.

आज गावात हौसाबाई मदत मंडळ आहे. माळावर पत्र्याची खोली आहे, तिच्यात धान्य, औषधं, बॅटऱ्या, दोर आणि एक होडी असते. दुसऱ्या गावात पूर आला की मंडळाची पोरं टेम्पो भरून जातात, आणि पोचल्यावर आधी विचारतात, गावात एकटं कोण राहतं?

वैशाखातली हलगीही चुकलेली नाही. हौसा आणि तातोबाच्या मागं कुणी उरलं नाही, त्यांच्या घराची नुसती जागा राहिली आहे. तरी ते दार पाटलांच्याच घराकडे आहे. परवाच्या वैशाखात त्यांची नवी सून तिथं थबकली. "आत्या, इथं तर कुणीच नाही. हाक कुणाला मारायची?"

"तू मार," सासू म्हणाली. "त्याबिगर आपल्याला वर जाता येत न्हाई."

सुनेनं पदर सारखा केला आणि त्या मोकळ्या जागेकडे तोंड करून हाक दिली, "हौसाआक्का, चला."