वेगळ्या टोपलीतली भाकर

फार फार वर्षं झाली, समुद्राकाठच्या एका गावात थेरोन नावाचा पाथरवट राहत होता. ऐकताय ना, लहानथोरांनो? मधेच जांभया दिल्यात तर मी थांबणार, आधीच सांगून ठेवते.

थेरोन दगडाचे रांजण कोरायचा. त्याचं गिऱ्हाईक म्हणजे गावातले यहूदी लोक. त्यांच्या नियमशास्त्रात शुद्ध-अशुद्धाचे फार बारकावे. मातीच्या भांड्याला विटाळ झाला की ते फोडून टाकायचं. दगडाला मात्र विटाळ होत नाही असं ते मानायचे. म्हणून हात धुण्याचं पाणी दगडाच्या रांजणात, आणि रांजण थेरोनच्या हातचा. थेरोन स्वतः यहूदी नव्हता, परका होता.

त्याच गावात येशूला मानणारी एक छोटी मंडळी होती. येशू मेला आणि पुन्हा उठला, तो सगळ्यांसाठी, असा त्यांचा विश्वास. आठवड्याच्या पहिल्या दिवशी सगळे शमाया नावाच्या म्हाताऱ्या यहूद्याच्या घरी जमायचे, प्रार्थना करायचे आणि भाकर मोडून वाटून खायचे. थेरोनने त्यांचं बोलणं ऐकलं, घरातल्या मूर्ती काढून टाकल्या आणि तो त्यांच्यात आला. त्याला आता नऊ वर्षं झाली होती.

पण जेवायची वेळ झाली की पंगती दोन पडायच्या. यहूदी आत, मेजाभोवती. थेरोनसारखे परके बाहेर अंगणात, चटईवर. आतली भाकर आतच संपायची, अंगणात दुसऱ्या टोपलीतून दुसरी भाकर यायची. भट्टी एकच, पीठही एकच, पण टोपली वेगळी!

शमाया वाईट माणूस होता का? मुळीच नाही. त्याच्या वाडवडिलांनी या नियमांपायी मार खाल्ला होता, देश सोडले होते, जीवही दिले होते. सुंता न झालेल्या माणसाबरोबर जेवायचं नाही, हे तो आईच्या मांडीवर शिकला होता. ते असं एका दिवसात कसं सुटणार?

थेरोन नेहमी दाराजवळची जागा धरायचा. तिथून मेज दिसायचं. आत भाकर मोडली की तो हातातला घास तसाच धरून बघत राहायचा. त्याला दुसरं काही नको होतं. शमायाच्या शेजारी बसून, त्याच्या हातून, आतल्या भाकरीचा एक तुकडा हवा होता. नऊ वर्षं त्याच्या जिवाला एवढीच एक आस लागून राहिली होती.

जन्मभर दगडाची धूळ छातीत गेलेली. एका हिवाळ्याच्या तोंडावर थेरोनला खोकला लागला तो हटेचना. मग एके दिवशी त्याने मनाचा हिय्या केला.

"शमायादादा, माझी सुंता करून घेऊ का? सगळं नियमशास्त्र पाळू का? तुम्ही म्हणालात तर उद्याच. पण मला आत बसू द्या."

शमायाचा चेहरा पडला. "अरे थेरोन, काही लोक म्हणतात, तसं केल्यावाचून देव तुम्हाला तारणारच नाही. काही म्हणतात, देवाने तुम्हाला आहात तसं घेतलंय. मी कोण ठरवणारा? यरुशलेमला आपल्या पंथाचे वडीलधारे आहेत, त्यांना पत्र लिहितो. ते सांगतील तसं करू."

पत्र शेवटच्या गलबतावर गेलं आणि समुद्र बंद झाला. हिवाळ्यात तिकडे गलबतं हाकारत नाहीत. उत्तर येणार ते वसंतातच.

शमायाची बायको योखेबेद तोंडाची फटकळ. ती रांजणातून पाणी घेता घेता म्हणाली, "काय हो, या रांजणाला विटाळ होत नाही, आणि ज्याने तो घडवला त्याचा होतो होय?"

"पत्र येऊ दे," शमाया म्हणाला. खरं सांगू का? बाकीचे यहूदी काय म्हणतील, याची त्याला धास्ती होती.

थेरोन रोज सकाळी धक्क्यावर जायचा. रिकाम्या समुद्राकडे बघायचा, खोकायचा, परत यायचा. पुढे पुढे तो निम्म्या वाटेवरूनच परत फिरायला लागला. शेवटी अंथरुणाला खिळला. रविवारची भाकर त्याला घरपोच जायची. त्याच वेगळ्या टोपलीतून!

वसंतातलं पहिलं गलबत लागलं आणि पत्र आलं. परक्यांवर सुंतेचं ओझं घालू नका. मूर्तीपुढचं अन्न, रक्त आणि अनीती यांपासून त्यांनी दूर राहावं, एवढंच सांगा, असा त्यातला मजकूर होता. शमाया म्हातारा असूनही धावत सुटला. थेरोनच्या दारात पोचेपर्यंत त्याला धाप लागली.

"थेरोन! उत्तर आलं रे! आहेस तसा आत ये!"

थेरोन हसला. किती दिवसांनी हसला बिचारा! "दादा, मी मनाने केव्हाच येऊन बसलोय. पण आता उठवत नाही हो."

शमायाने योखेबेदला सांगावा धाडला. ती आतल्या मेजावरची भाकर घेऊन आली, मागोमाग मंडळीही आली. दगडाच्या धुळीत सगळे खाली बसले. यहूदी आणि परके, जिथे जागा मिळेल तिथे. शमाया थेरोनच्या उशाशी बसला, त्याने भाकर मोडली आणि पहिला तुकडा त्याच्या हातात दिला.

थेरोनने तो तोंडाला लावला. पण घास काही घशाखाली उतरेना. त्याने तो मुठीत घट्ट धरला, डोळे मिटले, आणि मूठ तशीच मिटलेली असताना गेला.

शमाया ढसाढसा रडला. "मी पत्राची वाट बघत बसलो गं," तो योखेबेदला म्हणाला. "त्याला आत घ्यायला मला पत्र हवं होतं, असं एक वेळ म्हणू. पण मेजावरून उठून त्याच्या चटईवर जाऊन बसायला काय हवं होतं? अंगण माझं, पाय माझे. नऊ वर्षं! चार पावलं चाललो नाही मी."

त्यानंतर शमायाने आपले नियम मरेपर्यंत पाळले, हात दगडी रांजणातल्या पाण्यानेच धुतले. पण त्याच्या घरात दुसरी टोपली पुन्हा कधी निघाली नाही. दाराजवळची ती जागा आता त्याची झाली, आणि भाकर मोडताना पहिला तुकडा हातात घेऊन तो क्षणभर थांबायचा. तो कुणासाठी, हे कुणाला विचारावं लागलं नाही.

बोध: ज्याला देवाने आपलं म्हटलं, त्याच्या शेजारी जेवायला बसण्यात आपण उशीर करू नये.