धाकट्या रिमोटची हाक

"दादा परत का येत नाही?" गाडीच्या धाकट्या रिमोटने खणातल्या सगळ्यांना विचारले.

गाड्या नुकत्याच लांबून हाकेला ओ देऊ लागल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. थोरला रिमोट विहिरीत पडून गेला आणि गाडी अंगणात बंद उभी राहिली. दर हाकेला परवलीचा शब्द बदलायचा, असा रिमोट आणि गाडी यांचा रिवाज. धाकटा दुःखाने खणातूनच हाका मारत सुटला. गाडीला त्या ऐकू गेल्या नाहीत, पण त्याचे शब्द फार पुढे गेले आणि गाडी मागच्याच शब्दावर राहिली.

एका सकाळी मालकीणबाईंना कळा सुरू झाल्या. दवाखान्यात जायला गाडी हवी, म्हणून मालक संपतरावांनी धाकट्याला अंगणात आणले. "बोल की रे बाबा!"

"उघड ना, ताई!" धाकटा ओरडला.

"कोण तू? हा शब्द माझ्या ओळखीचा नाही," गाडी म्हणाली.

तो आणखी ओरडू लागला, तशी त्याच्या पोटात मिटलेली किल्ली म्हणाली, "घसा फोडू नकोस, लेका. अडलं की दादा मला पुढं करायचा."

धाकटा गप्प झाला आणि त्याने किल्ली पुढे केली. दार उघडले, किल्लीने गाडीला जाग आणली आणि दोघांचे शब्द पुन्हा जुळवून दिले. मग त्याने शांतपणे एकच हाक दिली. गाडीचे दिवे लखलखले. "अगं बाई, धाकटा होय!"

बाळाला घेऊन मालकीणबाई दवाखान्यातून बाहेर आल्या, तेव्हा दादासारखेच धाकट्याने लांबूनच दार उघडून ठेवले.