झुंबरच्या गालांचं मलम

बोरखडी गावात झुंबर नावाचा एक भोळा गडी राहायचा. तो भोळा होता, आणि त्याचे गाल नाजूक होते. दाढी केली की ते लालेलाल व्हायचे. मागच्या खेपेला मुलीकडचे त्याला बघायला आले. त्यांना वाटलं, गोवर आलाय. चहासुद्धा न घेता उठले.

आता रविवारी दुसरे पाहुणे यायचे होते. हौसावहिनीनं, म्हणजे थोरल्या भावाच्या बायकोनं, त्याला बजावलं, "भावजी, हेही स्थळ गेलं तर जन्मभर माझ्याच हातची भाकरी खाल. जा, दाढीनंतर लावायला काहीतरी थंड आणा."

झुंबर दुकानात गेला. दुकानातलं सगळ्यात थंड बघून घेतलं आणि दाढी करून गालांना चोळलं. ती नारंगी रंगाची कुल्फी होती. दिवसभर माश्या त्याच्या तोंडावरून हलल्या नाहीत.

"अहो, रंगाचं न् वासाचं कशाला आणलंत?" वहिनी म्हणाली. "बिनवासाचं घ्यावं."

"बरं वहिनी, आता तसंच करतो."

दुसऱ्या दिवशी वहिनीनं त्याला हिंग आणायला धाडलं.

"बिनवासाचा हिंग द्या," झुंबर म्हणाला.

दुकानदार बन्सीशेठनं त्याच्याकडे नीट पाहिलं. मग खडू फोडून पुडीत बांधून दिला. त्या दिवशी आमटीला शाळेची चव आली.

"अहो, ते मलमाचं सांगितलं होतं! आणि नवी वस्तू आधी कानामागे थोडी लावून बघावी. जळजळली तर परत करावी."

"बरं वहिनी, आता तसंच करतो."

मग वहिनीनं मिरचीपूड आणायला सांगितली. झुंबरनं ती दुकानातच कानामागे लावून बघितली. मग तिथेच नाचला, आणि पुडी परत केली.

"खराब निघाली हो," घरी येऊन तो म्हणाला. "जळजळते."

वहिनीनं कपाळावर हात मारला. शेवटी तीच दुकानात गेली आणि नाजूक कातडीसाठीचं पांढरं, बिनवासाचं मलम घेऊन आली.

"नीट ऐका. आधी दाढी करायची, मगच हे लावायचं. चोळायचं नाही, हलकं थापटायचं. आणि पाहुणे जे म्हणतील त्याला हो म्हणायचं."

"बरं वहिनी, तसंच करतो."

आणि खरंच, रविवारी झुंबरचे गाल दुधावरच्या सायीसारखे दिसत होते. मुलीचे वडील दौलतराव आले, सोबत त्यांचे म्हातारे वडील आबा. दौलतरावांची मिशी एवढी झुबकेदार, की चहा पिताना ती एका हातानं उचलून धरावी लागायची.

"मुलगा तुकतुकीत आहे," दौलतराव म्हणाले.

"हो," झुंबर म्हणाला.

"आम्हांला पसंत आहे. जेवून जरा पडतो, मग सुपारी फोडून सोयरीक पक्की करू."

"हो."

माजघरात वहिनीनं देवाला हात जोडले.

जेवायला पुरणपोळ्या होत्या, वर तूप होतं. जेवून बापलेक सतरंजीवर आडवे झाले. "उन्हानं तोंड भाजलंय," दौलतराव पेंगत म्हणाले. "कातडी नाजूक आहे हो माझी. लावायला आहे का काही?"

"हो," म्हणून झुंबर मलम घेऊन आला. तोवर पाहुणे घोरायला लागले होते. ढोल वाजवले असते तरी जाग आली नसती.

झाकण उघडताना झुंबरला वहिनीचे शब्द आठवले. आधी दाढी, मगच मलम. तो वस्तरा घेऊन आला. दौलतराव दाढी सकाळीच करून आले होते. राहिली होती फक्त मिशी. झुंबरनं तीही काढली. मग मलम लावलं. चोळलं नाही, हलकं थापटलं.

आधी जाग आली ती आबांना. त्यांनी लेकाकडे पाहिलं आणि ते ताडकन उठून बसले. त्यांच्याकडे बाप गेल्याशिवाय कुणी मिशी काढत नसे.

"दौलत्या! मिशी काढलीस? म्हणजे मी... मी गेलो की काय रे?"

"हो," झुंबर म्हणाला.

"अरे, शेवटचं पाणीसुद्धा पाजलं नाहीत रे मला!" म्हणत आबांनी स्वतःच्याच नावानं गळा काढला.

दौलतराव दचकून जागे झाले. ओठावर हात फिरवला. तिथं नुसतं गार मलम.

"कसली सोयरीक न् कसली सुपारी!" ते गरजले. "आबा, उठा! चला इथून!"

झुंबरनं शहाण्यासारखी मान हलवली.

"बरोबर आहे तुमचं. सुतकात सुपारी फोडत नाहीत. सुतक फिटलं की या."