राणी आसगेर्द आणि राजाचं हरवलेलं नाव

एका राज्यात, दूर उत्तरेला, जिथं समुद्र डोंगरांच्या कुशीत लांब बोटं घालून निजलेला असतो, तिथं आसगेर्द नावाची वृद्ध राणी राहत होती. तिचा राजा वारून दोन वर्षं झाली होती. राजा भला होता, प्रजेला तो पदोपदी आठवत होता; त्याचं नाव मात्र कुणालाच आठवत नव्हतं. ज्या घटकेला त्याचा प्राण गेला, त्याच घटकेला नाव सगळ्यांच्या तोंडून उडून गेलं. राजवाड्यापुढच्या शिळेवर कोरलेली त्याच्या नावाची अक्षरं विरली आणि दगड गुळगुळीत झाला. राणीनं चाळीस वर्षं ते नाव रोज उच्चारलं होतं. आता आठवू गेलं की जीभ कोरडी पडे, आणि भलतंच काही आठवे: त्याच्या अंगरख्याला येणारा होडीच्या डांबराचा वास, भाकरी मोडण्याची त्याची रीत.

अशात राणीची लेक गुन्वोर बाळंत झाली. मुलगा झाला. त्या देशाचा रिवाज असा, की आजोबा निवर्तले असतील तर पहिल्या नातवाला त्यांचंच नाव द्यायचं, नवव्या दिवशी, माथ्यावर पाणी शिंपडून. आजोबांचं नावच हरवलेलं, म्हणून राजपुरोहितानं दुसरी नावं सुचवली. एकही टिकेना. सकाळी सुचवलेलं नाव दुपारी सारे विसरत. आणि बाळ दिवसेंदिवस हलकं होऊ लागलं. पाचव्या दिवशी ते पिसासारखं झालं. सहाव्या दिवशी दुपट्याच्या चारही टोकांना दगड बांधावे लागले, नाहीतर ते पाळण्यातून वर तरंगे.

"आईसाहेब," गुन्वोर म्हणाली, "नवव्या दिवशी काय होईल?"

"त्याआधी मी नाव घेऊन येते. तू त्याला सोडू नकोस."

राणीनं खांद्यावर शाल घेतली, कमरेला टकळी खोचली आणि ती उंबरा ओलांडू लागली. तोच दाराच्या कमानीवर बसलेला डोमकावळा म्हणाला, "नाव ग्रीमुल्फ जादूगारापाशी आहे. जुन्या थडग्यांच्या टेकडीत."

"हे तू दोन वर्षं का सांगितलं नाहीस?"

"दोन वर्षांत कुणी शोधायला निघालं नव्हतं," कावळा म्हणाला, आणि वाट दाखवत पुढं उडाला.

आठव्या दिवशी सकाळी राणी टेकडीपाशी पोचली. टेकडी धुक्यात बुडाली होती. दगडी गुहेत ग्रीमुल्फ बसला होता. त्याची दाढी जमिनीत मुळं धरून होती.

"राणी, तुझा राजा तरुणपणी माझा सोन्याचा पेला न विचारता घेऊन गेला."

"गावात साथ होती. त्या पेल्यातलं पाणी पिऊन माणसं उठली. परत आणताना होडी उलटली आणि पेला बुडाला."

"ठाऊक आहे. म्हणून तो जिवंत असताना मी गप्प राहिलो. मेल्यावर पेल्याच्या तोलाची एकच वस्तू त्याच्याजवळ होती. ती घेतली."

"ती मला हवी आहे."

"मग तीन कामं कर. शंभर वर्षं ही चूल पेटलेली नाही. पेटव."

लाकडं ओली होती. राणी बाहेर गेली, भूर्जाच्या झाडाची साल सोलून आणली. ती साल ओलीसुद्धा पेटते. चूल पेटली, आणि जादूगारानं नकळत हात शेकायला पुढं केले.

"आता धुक्याचं सूत कात. टेकडीला एक वेढा बसला पाहिजे."

राणीनं धुक्याचा पेळू करून टकळीला लावला. सूत तीनदा तुटलं. मग तिनं चुलीतली ऊन राख बोटांना चोळली, आणि सूत तुटेनासं झालं. तिसऱ्या प्रहरी वेढा पुरा झाला; धुकं सगळं कातून संपलं आणि गुहेच्या दारात ऊन आलं.

तेव्हा ग्रीमुल्फानं आतला दरवाजा उघडला. दांडीवर शंभर करडे पक्षी बसले होते, सगळे एकसारखे. "ही शंभर नावं. तुझं ओळख. चुकलीस, तर तुझं नाव इथं एकशे एकावं."

राणीला पाहताच पक्षी ओरडू लागले, "मी! मी!" ती शांतपणे पाहत राहिली. टोकाचा एक पक्षी मुकाट होता. एक लंगडा पक्षी जागा शोधत होता, तर हा अंग चोरून जरा सरकला आणि त्याला जागा करून दिली. राजवाड्यात पंगत बसली आणि कुणी उशिरा आलं, की बाकावर राजा अगदी असाच सरकत असे.

"हा," ती म्हणाली.

पक्षी तिच्या तळहातावर आला आणि म्हणाला, "अनुलैफ."

राणीनं ते नाव हळूच पुन्हा उच्चारलं. मग आणखी एकदा.

"अर्थ काय त्याचा?" जादूगारानं विचारलं.

"आमच्या जुन्या बोलीत अनु म्हणजे पूर्वज. लैफ म्हणजे मागं उरलेला. पूर्वजांनी मागं ठेवलेला वारस."

ग्रीमुल्फानं विस्तवात एक लाकूड सारलं. "ही बाकीचीही सोड," तो म्हणाला. "त्यांच्याही घरी कुणी हाक मारायला खोळंबलं असेल." राणीनं दार सताड उघडलं. नव्याण्णव पक्षी उन्हात उडाले. निघण्यापूर्वी तिनं भूर्जाच्या सालींचा मोठा भारा चुलीशेजारी रचून ठेवला.

नवव्या दिवशी सूर्य कलताना ती घरी पोचली. बाळ छताला टेकलं होतं, आणि गुन्वोर तिवईवर चढून त्याचं पाऊल धरून उभी होती. राणीनं ओंजळीतलं पाणी वर शिंपडलं. "अनुलैफ," ती म्हणाली, आणि पक्षी तिच्या खांद्यावरून नाहीसा झाला. बाळ सावकाश खाली आलं आणि आईच्या कुशीत विसावलं.

"आईसाहेब, केवढा जड आहे हा," गुन्वोर म्हणाली, आणि पहिल्यांदा पोटभर हसली.

शिळेवर अक्षरं उमटली. लोकांनी ते नाव आपापल्या घरी नेलं. कोळ्यांनी वाऱ्यात हाका मारून त्याचे कंगोरे झिजवले, आज्यांनी बोळक्या तोंडांनी ते मऊ केलं, आणि अनुलैफचं ओलाव झालं. आजोबा गेले की नातू ओलाव होई. बंदरात कुणी हाक मारली, तर पाच-सहा जण वळून पाहत. आसगेर्द राणी त्यानंतर चौदा वर्षं जगली. रोज ती दारात उभी राहून ते नाव खणखणीत आवाजात घेई. कधीमधी रागावून, एरवी नातवाला जेवायला बोलावण्यासाठी.