तपासलेली नाव

दिवसाचा पहिला प्रहर संपला होता. कुशतीर नगराच्या उत्तर घाटावर एका नावेत एकोणचाळीस माणसे बसली होती आणि नदी दोन्ही काठ भरून वाहत होती.

त्या नगरात अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथे नौकापरीक्षक होता. नावेत माणसांच्या वजनाइतकी वाळूची पोती भरायची आणि एका घटकेत तळाशी किती पाणी येते ते पाहायचे, हे त्याचे काम. पाहून झाले की तो नावेच्या पुढच्या टोकावर गेरूचा पट्टा ओढी. नाव पक्की निघो वा गळकी, पट्टा तोच. निकाल नौका-अमात्याच्या दफ्तरात जाई.

नावेचा मालक धनपालित याने ही रीत नीट हेरली होती. त्याने घाटावर एक दवंडीवाला उभा केला.

"राजाच्या परीक्षकाने तपासलेली नाव! पट्टा पाहा आणि बसा!"

बोधिसत्त्व पायऱ्या उतरून आला आणि नावेचा दोर ज्या खुंटाला बांधला होता त्याला टेकून बसला.

"लोकहो, उतरा. ही नाव मी तपासली, ती गळकी निघाली. एका घटकेत वीतभर पाणी."

धनपालित हसला. "पट्टा कोणाचा?"

"माझा."

"तपासली की नाही?"

"तपासली."

"मग माझा माणूस खोटं काय ओरडतोय? पक्की आहे असं तो एकदा तरी म्हणाला का?"

"नाही. पण लोकांनी तेच समजावं म्हणून तू त्याला उभा केलास."

पैलतीरी बाजार भरला होता. नावेतला एकजण चिडून म्हणाला, "पट्टाही तुमचाच आणि उतरा म्हणणारेही तुम्हीच! आधी का नाही सांगितलंत?"

"बरोबर बोललास," बोधिसत्त्व म्हणाला. "निकाल दफ्तरात टाकला आणि मी घरी गेलो. चूक माझी. म्हणूनच इथे बसलोय."

धनपालित त्याच्या कानाशी वाकला. "माझ्या चार नव्या नावा येताहेत. मुख्य परीक्षक व्हाल. अमात्य माझ्या शब्दाबाहेर नाहीत. उठा."

"त्या येतील तेव्हा तपासीन. आज हा दोर सुटायचा नाही."

धनपालिताच्या माणसांनी त्याला ओढले. त्याचा खांदा निखळला, पण खुंटाभोवतीची मिठी सुटली नाही.

नावेत कपिला नावाची कुंभारीण मडक्यांची पाटी मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "शेठ, मडकं मीही वाजवून बघते. बद्द वाजलं तर विकत नाही. तुम्ही वाजवलं एवढंच सांगता, कसं वाजलं ते गिळून टाकता!"

"म्हातारे, तुझी मडकी सांभाळ."

"तीच सांभाळते," म्हणत ती उतरली. तिच्यामागून एकेक करून सगळे उतरले. मग खात्री करून घ्यायला त्याच लोकांनी नावेत वाळूची पोती भरली. तपासणीनंतर गळती आणखी वाढली होती; अर्धी घटकाही झाली नाही, तोच नाव घाटालाच बुडाली.

त्या दिवसापासून गळक्या नावेवर बोधिसत्त्व काळा पट्टा ओढू लागला.

तो परीक्षक म्हणजेच पुढे बुद्धत्वाला पोचलेले शास्ते. कपिला आज कोणत्याही दुकानात भेटते. खोका उलटा करून बारीक अक्षरे वाचते आणि मागच्यांच्या शिव्या खाते. धनपालित आज हेल्मेट विकतो. त्याच्या खोक्यावर 'टेस्टेड' हा इंग्रजी शब्द हातभर मोठा असतो. टेस्टेड म्हणजे तपासलेले. प्रूव्हन म्हणजे तपासणीत टिकलेले. दुसरा शब्द तो छापत नाही, कारण दोन्हींतला फरक त्याला चांगला ठाऊक आहे. आणि ज्या बळावर निखळलेल्या खांद्यानेही खुंट सुटत नाही, त्याला अधिष्ठान पारमिता, म्हणजे निश्चयाची परिपूर्णता, म्हणतात.

राहिला नौका-अमात्य. नाव बुडाल्यावर त्याचे दफ्तर उघडले, तेव्हा 'गळकी' हा निकाल अकरा दिवसांपूर्वीच नोंदलेला सापडला. नोंदीखाली अमात्याची मुद्रा होती. त्या अकरा दिवसांत ही नाव रोज दोनदा माणसे भरून पैलतीरी गेली. ती का थांबवली नाही, हे त्याने अजून सांगितलेले नाही.